परदेशी पाहुण्याने काय पाहिले?

मुलांनो, आणि मुलांना सोडायला आलेल्या, इथं भिंतीपाशी थांबलेल्या पालकांनो,

रोज सकाळी पिवळी गाडी आपल्या शाळेवरून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते. परवा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तिथं आपल्यापेक्षा जास्त शिकवतात का हो?" मी 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो. पण ती आपल्याच तोंडानं आपली स्तुती झाली. म्हणून बाहेरच्या माणसाची साक्ष काढू.

जेम्स टूली हे इंग्लंडचे प्राध्यापक. २६ जानेवारी २००० रोजी ते हैदराबादेत होते. सुट्टी होती, म्हणून रिक्षा करून ते चारमिनारकडच्या जुन्या वस्तीत गेले. तिथं गल्लीबोळांत, राहत्या घरांतूनसुद्धा खाजगी शाळा चाललेल्या! पालक कोण? मजूर, रिक्षावाले, फेरीवाले. फुकटची सरकारी शाळा असताना ही माणसं पोटाला चिमटा काढून फी का भरतात, हे त्यांना कोडं पडलं. पुढं त्यांच्या पथकानं तिथल्या तीन भागांत फिरून शाळा मोजल्या. ९१८ भरल्या. त्यांतल्या शंभरास साठ विनाअनुदानित खाजगी. कारण साधं होतं. तिथं मास्तर वर्गावर असतो. न शिकवणाऱ्याला मालक घरी बसवतो. (टूली हे खाजगी शाळांचे कैवारी आहेत, हेही ध्यानात ठेवा बरं का.)

पण ते म्हणतात त्यात तथ्य आहे. २००३ साली मायकेल क्रेमर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं आणि त्यांच्या सोबत्यांनी देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या. शंभरातले पंचवीस शिक्षक गैरहजर! प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते जेमतेम निम्मे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवून काय होणार?

आता दुसरी बाजू. खाजगी शाळेतल्या मुलांना गुण जास्त पडतात म्हणतात. पण ते गुण शाळेचे की घरचे? ज्या घरात फी परवडते, तिथं अभ्यास घेणारंही कुणी असतं. हे निवडायचं कसं? २००८ साली आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत युक्ती केली. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुलं खाजगी शाळेत, फी भरून मिळाली. बाकीची बहुतेक होती तिथंच. चार वर्षांनी परीक्षा घेतली, तर तेलुगू आणि गणितात दोघंही सारखीच! हिंदीत तेवढी खाजगीवाली पुढं, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवतच नव्हते. मात्र खाजगी शाळांचा दर मुलामागं खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता, हेही सांगायला हवं.

म्हणजे गाडी, टाय, बूट यांनी गणित येत नाही. गुरुजी वर्गात नसला तरीही येत नाही.

क्रेमर यांच्या पाहणीत सर्वांत कमी गैरहजेरी महाराष्ट्रात होती, शंभरास पंधरा. झारखंडात बेचाळीस. पंधरा कमी खरे. पण ज्या वर्गाचा गुरुजी त्या पंधरांत, त्या पोरांना त्याचं काय कौतुक!

व्हरांड्यातल्या फळ्यावर आपण रोज पट आणि हजर मुलं लिहितो. सोमवारपासून त्याखाली शिक्षक किती, हजर किती, तेही लिहायचं ठरलं आहे. खडू त्या चौथीतल्या मुलीकडं राहील.