ऑर्वेल, आणीबाणी आणि ग्रुपवरचा व्हिडिओ

जॉर्ज ऑर्वेलचा जन्म २५ जून १९०३चा, बिहारमधल्या मोतीहारीचा. आपल्याकडे आणीबाणी जाहीर झाली तीही २५ जूनलाच, १९७५ साली. योगायोगच हा, पण ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी वाचताना तो डोक्यातून जात नाही.

त्या कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याची नोकरी काय? सरकारचा शब्द खोटा पडला की जुना पेपरच बदलायचा. चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, असं वचन दिलेलं. ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार म्हटल्यावर तो छापील वचनच फिरवतो. लगेच बातमी येते, रेशन ‘वाढवून’ २० ग्रॅम केल्याबद्दल जनतेनं आभार मानले!

आणीबाणीतल्या आपल्या सेन्सॉरला इतकं बेमालूम जमलं नाही. ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, म्हणजे दडपलेलं निदान दिसलं तरी. ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रिंट जाळल्या गेल्या. कराडच्या साहित्य संमेलनात मात्र अध्यक्षा दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, पुढे तुरुंगातही गेल्या.

आज काही पुसायची गरजच उरलेली नाही. खऱ्यावर इतकं खोटं ओततात की माणूस शोधणंच सोडून देतो. मला हे ऑर्वेलच्या कल्पनेपेक्षा भयंकर वाटतं. निवडणूक आली की पुण्यात बिबवेवाडीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही कुठला तरी जुना व्हिडिओ ‘कालचाच’ म्हणून फिरतो. पुढे पाठवण्याआधी तो थांबवून दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. एक स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाका, बऱ्याचदा मूळ तारीख सापडते.