मोटारीतील दवंडी

मोटार म्हटली की चाके, इंजिन आणि पेट्रोल एवढेच आपल्या मनात येते. परंतु आजच्या मोटारीत डझनावारी छोटे संगणक असतात आणि ब्रेक, इंजिन, दारे यांविषयी ते एकमेकांना अखंड निरोप धाडीत असतात. या तारांवरील व्यवस्थेस 'कॅन' म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जाहीर केली.

या निरोपावर पाठविणाऱ्याचे नाव नसते. विषयाचा क्रमांक आणि मूळ पद्धतीत फार तर आठ बाइट मजकूर, एवढेच. गावातल्या दवंडीप्रमाणे तो सर्वांच्या कानी पडतो. दवंडी पिटणारा खरा की तोतया, हे कोणी विचारीत नाही. मोटार बाहेरच्या जगापासून तुटलेली होती तोवर हा भाबडेपणा खपला. २०१५ साली मात्र अमेरिकेत चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलसेक यांनी घरबसल्या, सेंट लुईसच्या महामार्गावर धावणारी जीप चेरोकी दुबळी करून दाखविली. आतला पत्रकार प्रयोगासाठीच बसला होता, हे नशीब! पुढे सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या.

मग तोतया ओळखावा कसा? मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. मला यातले 'शिकणे' फार ओळखीचे वाटते. हल्ल्यांचे नमुने दुर्मीळ, म्हणून संगणकाला पुष्कळदा नित्याच्या प्रवासाचीच सवय लावतात. बरेचसे निरोप ठरावीक लयीत येतात. कुणी दर १० मिलिसेकंदांनी, कुणी दर १०० नी. खऱ्याला गप्प करणे अवघड, म्हणून तोतया अधिक वेळा ओरडतो आणि लय बिघडते. एवढे पकडायला साधे घड्याळही पुरते. पण लय सांभाळून खोटे बोलणारा आला तर? चाकांचा वेग, इंजिनचे फेरे आणि गिअर यांचा मेळ बसतो का, हे तपासावे लागते. खरे यंत्रशिक्षण येथे लागते.

अडचण निराळीच आहे. सेकंदाला हजार निरोप धरा. दहा हजारांत एकदाच चुकणारा पहारेकरीसुद्धा मिनिटाला सहा वेळा खोटी बोंब ठोकील! आणि बोंब ठोकल्यावर करायचे काय? संशयित निरोप अडवावा, तर तो चालकाने खरोखरच दाबलेल्या ब्रेकचा असू शकतो. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी असा पहारेकरी केवळ नोंद करतो आणि कंपनीला कळवितो. ब्रेकला हात लावण्याची मुभा त्याला नसते.