दुहेरी नागरिकत्व आणि परदेशस्थ भारतीय : संज्ञा व वास्तव

प्रस्तावना :

नागरिकत्व म्हणजे व्यक्ती आणि राज्यसंस्था यांच्यातील कायदेशीर नाते होय. या नात्यातून मतदानाचा, निवडणूक लढविण्याचा, सरकारी सेवेत प्रवेश करण्याचा आणि देशात निर्वेधपणे राहण्याचा अधिकार निर्माण होतो. शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी गेलेले अनेक भारतीय कालांतराने तेथील नागरिकत्व स्वीकारतात. मात्र आई-वडील, घर आणि भाषा यांच्याशी असलेला त्यांचा संबंध तुटत नाही. या परिस्थितीतून दुहेरी नागरिकत्वाची मागणी पुढे आली. भारत सरकारने या मागणीला 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणजेच ओसीआय या योजनेच्या रूपाने उत्तर दिले. सामान्य व्यवहारात ओसीआय कार्डालाच 'दुहेरी नागरिकत्व' असे म्हटले जाते. हे म्हणणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनात्मक भूमिका :

भारतीय संविधानाने एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व स्वीकारले आहे. स्वेच्छेने परकीय राज्याचे नागरिकत्व संपादन केलेली व्यक्ती भारताची नागरिक असणार नाही, असे अनुच्छेद ९ सांगतो. अनुच्छेद ११ नुसार नागरिकत्वाविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यानुसार संमत झालेल्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्ये हेच तत्त्व पुढे चालविले आहे. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. त्यासाठी स्वतंत्र आदेशाची गरज नसते. परकीय पारपत्र मिळविणे हा नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानणारा नियमही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरविला.

ओसीआय योजनेची वाटचाल :

१९९९ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी पीआयओ कार्ड योजना सुरू झाली. पुढे डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने परदेशस्थ भारतीयांच्या प्रश्नांचा अभ्यास करून दुहेरी नागरिकत्वाला अनुकूल शिफारस केली. जानेवारी २००३ मधील पहिल्या प्रवासी भारतीय दिवस संमेलनात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी दुहेरी नागरिकत्व देण्याची घोषणा केली. त्यानंतरच्या दुरुस्तीत ही सवलत प्रारंभी १६ देशांपुरती मर्यादित होती. २००५ च्या दुरुस्तीने ती पाकिस्तान व बांगलादेश वगळता इतर देशांतील भारतीय वंशाच्या व्यक्तींना खुली झाली. २०१५ मध्ये पीआयओ योजना ओसीआयमध्ये विलीन करण्यात आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील संज्ञा बदलून 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डहोल्डर' अशी केली. हा बदल केवळ शाब्दिक नाही. 'नागरिक' या शब्दाच्या जागी 'कार्डधारक' हा शब्द आल्याने योजनेचे खरे स्वरूप कायद्यानेच स्पष्ट केले.

हक्क आणि मर्यादा :

ओसीआय कार्डधारकास भारतात कितीही वेळा येण्यासाठी आजीव व्हिसा मिळतो. मुक्काम कितीही दीर्घ असला तरी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागत नाही. शेतजमीन, फार्महाऊस व मळ्याची जमीन वगळता इतर स्थावर मालमत्ता तो खरेदी करू शकतो. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल इत्यादी व्यवसाय संबंधित कायद्यांच्या अधीन राहून करता येतात.

याउलट, कलम ७-ब नुसार त्यास मतदारयादीत नाव नोंदविता येत नाही. तो संसद वा विधिमंडळाचा सदस्य होऊ शकत नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश ही पदे त्यास वर्ज्य आहेत. सरकारी सेवेतील समान संधीचा अनुच्छेद १६ मधील हक्कही त्यास नाही. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी भारतीयाची स्थिती वेगळी आहे. तो नागरिकच असल्याने २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास मतदारयादीत नाव नोंदविता येते. मात्र मतदानासाठी स्वतः मतदारसंघात उपस्थित राहावे लागते.

ओसीआयचे हक्क संविधानातून नव्हे, तर शासकीय अधिसूचनेतून येतात, हा या योजनेचा सर्वांत महत्त्वाचा पैलू आहे. जे अधिसूचनेने दिले जाते ते अधिसूचनेने कमीही करता येते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार व गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी आवश्यक केली. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांत कार्डधारकांना अनिवासी भारतीयांच्या वा अधिसंख्य जागांपुरते पात्र ठरविले. भारतातच वाढलेल्या व येथेच शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना याचा फटका बसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रवेशविषयक तरतूद भविष्यलक्षी असल्याचा निर्णय देऊन, त्या तारखेपूर्वी कार्ड घेतलेल्यांना दिलासा दिला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या कायद्यांचा भंग झाल्यास सुनावणीची संधी देऊन कार्ड रद्द करता येते.

गोव्याचे उदाहरण :

संज्ञा आणि वास्तव यांतील अंतर गोव्यात विशेष जाणवते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने गोमंतकीय भारताचे नागरिक ठरले. तथापि मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्या व्यक्ती व त्यांचे वंशज यांना पोर्तुगीज कायद्याने जन्मनोंदणीद्वारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याचा मार्ग खुला ठेवला. युरोपात रोजगार मिळावा म्हणून अनेक कुटुंबांनी तो अवलंबिला. केवळ लिस्बनमधील जन्मनोंदणी म्हणजे परकीय नागरिकत्व 'स्वीकारणे' काय, हा तेथे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. पारपत्र घेतल्यावर मात्र हा प्रश्न उरत नाही. ज्यांचे भारतीय पारपत्र माहिती दडविल्याच्या कारणाने रद्द झाले, त्यांना ओसीआयसाठी लागणारा पारपत्र समर्पणाचा दाखला मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्याऐवजी पारपत्र रद्द झाल्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची मुभा दिली. जन्मगावी परतण्याचा मार्ग एका दाखल्यावर अवलंबून असावा, ही स्थिती कार्ड आणि नागरिकत्व यांतील भेद स्पष्ट करते.

दुसरीकडे, मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत तेथील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशीयांना ओसीआय पात्रता देण्याची घोषणा केली. गिरमिटिया मजुरांच्या या वंशजांत मराठी भाषक समाजही आहे. त्यांच्या दृष्टीने हे कार्ड राजकीय हक्कापेक्षा पूर्वजांच्या भूमीशी असलेल्या नात्याची ओळख ठरते.

निष्कर्ष :

ओसीआय हे दुहेरी नागरिकत्व नसून परकीय नागरिकास दिलेला विशेष दर्जा आहे. पाच वर्षे ओसीआय नोंदणी असलेली व्यक्ती विहित निवासाची अट पूर्ण करून, परकीय नागरिकत्वाचा त्याग करून पुन्हा भारतीय नागरिक होऊ शकते. दोन्ही नागरिकत्वे एकाच वेळी राखता येत नाहीत. सुरक्षितता व निष्ठा यांविषयीच्या शंकांमुळे पूर्ण दुहेरी नागरिकत्व देणे राज्यसंस्थेस उचित वाटले नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु दिलेल्या सवलतींना तरी कायद्याचे स्थैर्य असावे, त्या वेळोवेळी अधिसूचनेने बदलू नयेत, ही अपेक्षा रास्त ठरते. तसेच परकीय पारपत्रासाठी अर्ज करण्यापूर्वीच आपण काय गमावतो व काय मिळवितो याची स्पष्ट माहिती प्रत्येक कुटुंबास मिळणे आवश्यक आहे. कारण नागरिकत्व आपोआप संपते. ते परत मिळविण्यास मात्र अनेक वर्षे लागतात.