मोलोकिनीचें पाणी

‘कॅटामरान’ हा शब्द इंग्रजी वाटला तरी मूळचा तामिळ. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेलीं लांकडें. दोन अरुंद सांगाड्यांवर एकच माची बसविलेल्या या नौका हवाईंतील मावी बेटाहून प्रवाशांस मोलोकिनीला नेतात. बैठक रुंद असल्यानें त्या फारशा कलंडत नाहींत; वडील माणसांसहि सोयीच्या. (बोट लागतच नाहीं असें मात्र नव्हे!) दुपारीं वारा सुटून पाणी खवळतें, म्हणून सकाळींच निघतात.

मोलोकिनी हें अर्धें बुडालेलें, चंद्रकोरीसारखें ज्वालामुखीचें मुख. कोरीच्या आंत पाणी शांत आणि विलक्षण निवळ. कांचेचा मुखवटा लावून, तोंडांत श्वासनळी धरून पालथें तरंगावें. खालीं पोवळ्यांतून पिवळे मासे हिंडत असतात. पट्टीच्या पोहणारानेंहि तरंगण्याचें जाकीट घालावें. दमलेला माणूस पाय टेकण्यास जागा शोधतो, आणि ती जागा म्हणजे जिवंत पोवळें!

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमारानें नेमबाजीच्या सरावासाठीं येथें बाँब टाकले. १९७७ सालीं ही जागा संरक्षित झाली. आतां भय आहे तें अंगास चोपडण्याच्या मलमाचें. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेलीं उन्हाचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास हवाईंत १ जानेवारी २०२१ पासून मनाई आहे. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातल्यास मलम थोडेंच लागतें.