खताचा ढीग का तापतो?

मिहानहून वर्धा रोडने मित्रांसह एखाद्या सेंद्रिय शेतावर श्रमदानाला गेलात, तर खताचा ढीग वरखाली करण्याचे काम हमखास मिळेल. आधी ढिगात लोखंडी सळई खुपसा. थोड्या वेळाने काढली, तर ती चांगलीच तापलेली असेल!

ही उष्णता कोठून आली? असंख्य सूक्ष्मजीव शेण व पालापाचोळा खातात. त्यांच्या श्वसनातून ती निर्माण होते आणि ढिगात कोंडते. तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते व तणांचे बहुतेक बी मरते. कडेचा थर मात्र थंडच राहतो. तो आत घातला नाही, तर खताबरोबर तणही पेरले जाते! शिवाय ढीग हलवल्याने सूक्ष्मजीवांना प्राणवायू मिळतो.

इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कॉपर्ड यांनी शहरवासीयांना अशा कामासाठी शेतावर नेले. चला, फावडे उचला!