जीर्ण हार्ड डिस्क आणि व्हायरस : आधी काय?

पंचवटीतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींची छायाचित्रे एखाद्या संशोधकाने जुन्या संगणकावर साठविली आहेत, असे समजू. संगणक मंदावताच दोष व्हायरसच्या माथी मारून संपूर्ण तपासणी सुरू करण्याची आपल्याकडे रीतच आहे. ती घातक होय. ‘स्मार्ट’ या स्वयंनोंदीत निकामी सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर प्रत्येक फाईल वाचावयास लावणाऱ्या तपासणीत डिस्कचे उरलेसुरले आयुष्य खर्ची पडते. म्हणून संगणक प्रथम बंद करावा. डिस्क काढून लिनक्सवरील निरोगी संगणकास केवळ वाचनापुरती जोडावी व समग्र प्रत घ्यावी. टकटक ऐकू येत असल्यास मात्र ती तज्ज्ञाकडेच सोपवावी. प्रतीत व्हायरसही उतरतो, हे खरे. परंतु बाधित फाईल चालविल्यावाचून तो सहसा निद्रिस्तच राहतो आणि त्याचे निर्मूलन सावकाश करता येते. छायाचित्रे गेली, तर उपाध्यायांच्या दारी पुन्हा हात जोडून जाणे आले.