ऊन पाण्याचे झरे : आशा आणि मोजमाप

पवना नदीजवळच्या रहाटणीसारख्या, आता पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यात सामावलेल्या गावात विहिरीचे पाणी थंड लागते. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे मात्र जमिनीतून ऊन पाणी वाहते. दोन्हीकडचा खडक एकच, दख्खनचा काळा बसाल्ट. मग हा भेद कशामुळे? या प्रश्नाच्या उत्तरावर भूऔष्णिक ऊर्जेचे सारे गणित उभे आहे. जेथे विजेची तार नेणे कठीण आणि इंधन दुरून आणावे लागते, अशा उत्तरेकडील दुर्गम गावांच्या दृष्टीने तर हे गणित विशेष महत्त्वाचे आहे.

उष्णता येते कोठून?

झऱ्याखाली ज्वालामुखी धुमसत असतो, ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी निराधार आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. भूपृष्ठाखाली जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. ही वाढ दर किलोमीटरला सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअस असते. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांतून खाली उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेवाटे वर येते. रहाटणीसारख्या ठिकाणची विहीर केवळ वरच्या थरातील पाणी घेते, म्हणून ते थंड. फरक खडकाचा नसून पाण्याच्या मार्गाचा आहे.

कोकणात पालघर भागापासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात असे झरे आढळतात. त्यांचे तापमान सुमारे ३४ ते ७१ अंशांपर्यंत असून रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथील झरा सर्वांत उष्ण झऱ्यांपैकी आहे. राज्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव येथेही ऊन पाण्याचा झरा आहे.

काय मोजावे?

झरा गरम आहे एवढ्यावरून वीजकेंद्राची आशा धरणे योग्य नव्हे. तापमान, दर सेकंदाला मिळणारे पाणी, त्यातील क्षार आणि वर्षभरातील सातत्य या चार गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाच्या प्रमाणावरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर खडकांची विद्युत्-रोधकता तपासून भेगांचा माग काढला जातो. निर्णायक पुरावा मात्र वेधन-विहिरीचाच असतो, आणि खर्चही तेथेच सर्वाधिक होतो.

एक साधे उदाहरण घेऊ. दर सेकंदाला १ लिटर पाणी ७० अंशांवरून ५० अंशांपर्यंत निवविले, तर सुमारे ८४ किलोवॅट उष्णता मिळते. एवढ्या कमी तापमानाच्या उष्णतेपासून वीज करावयाची झाल्यास तिचा जेमतेम विसावा हिस्सा, म्हणजे ४ किलोवॅटच्या आसपास वीज हाती येईल. त्यातूनही पंपाचा खर्च वजा जावयाचा. तीच उष्णता धान्य, फळे वा मासळी वाळविण्यासाठी वापरल्यास तिचा बराच मोठा भाग कामी लागतो. तेलंगणात मणुगुरू येथे कोळसा खाणीच्या परिसरातील ऊन पाण्यावर २० किलोवॅटचा प्रायोगिक संच उभारण्यात आला आहे. कमी तापमानाच्या पाण्यापासूनही वीज होऊ शकते, पण थोडीच, हे त्यावरून दिसते.

पुगा खोऱ्याचा धडा

हिमालयातील स्थिती निराळी आहे. तेथे भूकवचाच्या हालचालींमुळे उष्णता वरच्या थरांपर्यंत आलेली आहे. लडाखमध्ये सुमारे ४,४०० मीटर उंचीवरील पुगा खोऱ्यात झऱ्यांचे पाणी ८४ अंशांपर्यंत तापलेले असते. त्या उंचीवर पाणी जवळजवळ एवढ्यावरच उकळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७० च्या दशकात येथे ३४ विहिरी वेधल्या. त्यांतील सर्वांत खोल विहीर सुमारे ३८५ मीटरची होती आणि तापमान १४० अंशांपर्यंत आढळले. हरितगृह, खोली उबदार ठेवणे आणि टाकणखाराचे शुद्धीकरण असे प्रयोगही तेथे झाले. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच चालविण्यात आला होता.

हिवाळ्यात कडाक्याची थंडी असलेल्या या भागात उबदार शाळा किंवा दवाखाना ही चैन नव्हे. तरीही पुग्याच्या पहिल्या वेधनापासून वीजनिर्मितीच्या करारापर्यंत जवळजवळ अर्धशतक लोटले. १ मेगावॅटच्या पथदर्शी प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये करार झाला. २०२२ मध्ये वेधन सुरू असताना उष्ण द्रव उसळून पुगा ओढ्यात गेला आणि काम थांबवावे लागले. अशा पाण्यात बोरॉनसारखी द्रव्ये असतात. ते ओढ्यात गेल्यास कुरणे आणि जनावरे यांना अपाय होऊ शकतो. वापरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडण्याची व्यवस्था प्रारंभापासूनच असणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानी येते.

ग्रामपंचायतींची जबाबदारी

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात विजेबरोबरच उष्णतेच्या प्रत्यक्ष वापरालाही स्थान आहे. ज्या गावात ऊन पाण्याचा झरा आहे, तेथील पंचायतीला व शाळेला या कामी मोलाची मदत करता येईल. दरमहा ठराविक दिवशी तापमापकाने झऱ्याचे तापमान घ्यावे, ठराविक मापाची बादली भरण्यास लागणारा वेळ नोंदवावा आणि जवळच्या विहिरींची पातळीही लिहून ठेवावी. वर्षाअखेर ही वही तज्ज्ञांच्या हाती पडली, तर पाहणीचा पाया तयार झालेला असेल.

यांपैकी बहुतेक कुंडे स्नानाची व श्रद्धेची स्थाने आहेत. वेधनाने एखादे कुंड आटले, तर गावाचे नुकसान पैशाने भरून निघणार नाही. म्हणूनच ग्रामसभेपुढे प्रकल्प येईल तेव्हा पाणी किती, कोठून घेणार, वापरून कोठे सोडणार आणि उष्णतेचा पहिला लाभ कोणाला, हे चार प्रश्न सदस्यांनी अवश्य विचारावेत. त्यांची आकड्यांत उत्तरे मिळाल्यावरच संमतीचा विचार करणे श्रेयस्कर ठरेल.